पानिपतावरील वेतनाचा हिशेब

पानिपत शहराच्या बाहेर काही मैलांवर, सपाट शेतजमिनीच्या मधोमध, काला अंब नावाचे स्थळ आहे. विटांचा एक साधा स्तंभ, त्यावर लोखंडी सळई आणि भोवती कुंपण, एवढेच तिथे पूर्वी होते. आता बागबगीचा झाला आहे आणि दिल्लीहून येणाऱ्या प्रवाशाला तिथवर जाणे सोपे झाले आहे. सदाशिवरावभाऊ इथेच पडले अशी आख्यायिका आहे. इथे आंब्याचे एक झाड होते आणि रणांगणावर सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, असे आसपासचे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. झाड पुढे वठले, त्याच्या लाकडाचे कोरीव दरवाजे कोणा कुशल सुताराने घडवले, असेही सांगतात. ज्या भूमीवर हजारो माणसे शुश्रूषेवाचून मेली, त्या भूमीची आठवण सुताराच्या कसबामुळे टिकली, हा योगायोग पुढील विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे दुसऱ्या कोणत्याही दिवसाविषयी लिहिले गेले नसेल. गनिमी कावा की तोफखान्याची लढाई, होळकर निघून गेले की माघार घेतली, भाऊंनी हत्तीवरून उतरावयास नको होते काय, असे प्रश्न दोनअडीचशे वर्षे चघळले गेले. परंतु लढाईच्या सकाळी खुद्द सेनापतीच्या पुढ्यात जो विषय काढला गेला तो ना गनिमी काव्याचा होता, ना तोफांचा. तो विषय पगाराचा होता.

ही हकीकत काशीराज पंडिताची आहे. काशीराज मूळचा दक्षिणी. पण नोकरी अयोध्येच्या नबाब शुजाउद्दौल्याची. त्यामुळे तो प्रत्यक्ष रणभूमीवर होता, परंतु अब्दालीच्या बाजूला. पुढे त्याने फारसीत वृत्तान्त लिहिला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. तो सांगतो की त्या सकाळी इब्राहीमखान गारदी भाऊंकडे आला, त्याने मुजरा केला आणि म्हणाला, की माझ्या माणसांना दरमहा नेमाने पगार मिळावा असा हट्ट मी आजवर धरला, त्याबद्दल आपली माझ्यावर नाराजी आहे. या महिन्यात आपला खजिना लुटला गेला, आम्हांला काहीच मिळाले नाही. त्याची चिंता नको. इतके दिवस आम्ही जो पगार घेतला तो फुकट घेतला नाही, हे आज दिसून येईल. एवढे बोलून तो आपल्या पलटणींकडे वळला.

या बोलण्यामागे संपूर्ण मराठी लष्कराची पगारव्यवस्था उभी आहे.

मराठ्यांचे बळ घोडदळात. घोडेस्वारांत बारगीर होते, त्यांना घोडा व हत्यार सरकारचे. शिलेदार होते, त्यांचा घोडा स्वतःचा. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे आणि बाकीचा हिशेब मोहीम आटोपल्यावर होई. सरदारांचे पोट सरंजामावर. म्हणजे एकूण लष्कराचे वेतन उधारीवर, आशेवर आणि मुलूखगिरीवर चाले. पगार थकला की तगादा, तगाद्याने भागले नाही की सरदाराच्या तंबूसमोर धरणे, ही रीत होती आणि तिच्यात कोणाला फारसे अप्रतिष्ठेचे वाटत नसे. याउलट गारद्यांचा पगार रोख आणि महिन्याच्या महिन्याला. गारदी हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे म्हणतात. इब्राहीमखान फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवायती पद्धतीत तयार झालेला, पूर्वी निजामाच्या पदरी असलेला. काशीराजाच्या यादीत त्याच्याकडे २,००० घोडेस्वार, चकमकीच्या बंदुका बाळगणारे ९,००० पायदळ आणि सुमारे ४० तोफा दाखविल्या आहेत. बंदूक भरणे, रांगेने झाडणे, हुकमाबरोबर वळणे, तोफेचा रोख धरणे, हे सर्व शिकून घ्यावे लागणारे कसब होते. ज्याच्या अंगी ते कसब, त्याला ते विकता येई. आणि विकणारा उधार देत नसे.

घोडेस्वाराला ही गोष्ट सहज पटणार नाही. पिढीजात तलवार चालविणाऱ्याने सहा सहा महिने वाट पाहावी आणि कालपरवा निजामाकडून आलेल्याने महिन्याच्या अखेरीस हात पुढे करावा, हे त्याला अन्यायाचे वाटले असल्यास नवल नाही. तथापि न्याय कोणत्या बाजूला होता हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. शिलेदाराला लुटीत वाटा होता, घरी वतन होते, नावलौकिक होता. गारद्याला यांपैकी काहीच नव्हते. त्याचे सारे वतन म्हणजे महिन्याचा पगार. तो मागणे हा लोभ नव्हता, आणि तो न देणे ही काटकसर नव्हती.

पैशाची ओढ तर मोहिमेच्या आरंभापासूनच होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली तेव्हा लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले असे इतिहासकार सांगतात. एवढ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तिथे धान्य आणि रोकड मिळाली. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीचा रस्ता तुटला. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद बंद झाली. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून नारो शंकराने स्वारांबरोबर खजिना रवाना केला. एकेका स्वाराच्या कमरेला रुपयांची थैली बांधलेली. रात्रीच्या अंधारात ही तुकडी वाट चुकली आणि अब्दालीच्या छावणीत जाऊन पोहोचली. इब्राहीमखान ज्या लुटल्या गेलेल्या खजिन्याचा उल्लेख करतो तो हाच असावा. छावणीत टांकसाळ घालून सरदारांच्या आणि बायकांच्या अंगावरील सोन्यारुप्याची नाणी पाडल्याचे बखरकार सांगतात.

हे झाले शस्त्राच्या कसबाचे मोल. आता त्याच लष्करातील दुसऱ्या कामाकडे वळावे लागते. जखमी माणसाची काळजी घेणारा माणूस पगाराच्या यादीत कुठे होता?

शिवकाळापासून पाहू लागले तर उत्तर मोठे उद्बोधक मिळते. सभासदाने शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. जुमलेदाराला सालिना ५०० होन, हजारीला १,००० होन. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, हे दोघे यादीत आहेत. घोड्याच्या खुराची तरतूद झाली. माणसाच्या जखमेसाठी त्या यादीत स्वतंत्र असामी नाही. याचा अर्थ जखमी माणसाची कोणाला पर्वा नव्हती असा मुळीच नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन दिल्याचे हाच सभासद नमूद करतो. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या विधवांना निमे वेतन चालविले. सतराव्या शतकात इतक्या बारकाईने जखमेचे मोल ठरविणारी राज्ये फार नव्हती. पेशवाईत हीच परंपरा जखमदरबार आणि बालपरवेशी या नावांनी पुढे चालली.

मात्र इथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पैसा मिळाला तो जखमेला, जखम जोपासणाऱ्या हाताला नाही. सरकारने जखमी माणसाच्या पदरात होन टाकले आणि पुढची व्यवस्था त्याने त्याची पाहावी, असा हा व्यवहार होता. औषधाला, तुपाला, पथ्याला ते होन लागत असतील. उशापायथ्याशी बसणारे माणूस मात्र घरचे, नात्याचे, नाही तर हाताखालचा शागीर्द.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात एक ठिकाणी हा प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने डोकावतो. आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यात गडावर कोणकोणती माणसे ठेवावीत हे सांगताना वैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार अशी नावे एकाच दमात घेतली आहेत. किल्ला पाहून एकेक दोनदोन असामी ठेवावेत, त्यांची हत्यारे त्यांच्याजवळ तयार असावीत, आणि त्यांच्या कसबाचे काम नसेल तेव्हा रिकामे न बसवता दुसरी चाकरी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. अमात्यांसारख्या अनुभवी कारभाऱ्याला जखम बांधणे हे सुतारकीच्या, लोहारकीच्या पंक्तीला बसणारे काम वाटते. त्याला हत्यार आहे, त्याला शिक्षण आहे, म्हणून त्याला असामी आहे. दृष्टी व्यवहाराची आणि म्हणूनच निरोगी.

कापणे, शिवणे, बांधणे हे हातचे कसब म्हणूनच ओळखले जाई, याचा एक विलक्षण पुरावा पुण्याजवळचा आहे. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. सुमारे वर्षभराने एका वीट घडविणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. युरोपातील शस्त्रवैद्यांनी ती वाचून आपल्याकडे तसे प्रयोग केले. माती आणि भट्टी यांच्याशी संबंध असलेल्या माणसाच्या बोटांत ही विद्या असावी, याचे आपल्या लोकांना आश्चर्य वाटले नाही. कसब म्हणजे कसब. परंतु शस्त्रक्रियेनंतर त्या कावसजीला कुशीवर कोणी वळविले, पाणी कोणी पाजले, रात्री पट्टी ओली आहे की कोरडी हे कोणी पाहिले, हे विचारण्याचे इंग्रज डॉक्टरालाही सुचले नाही.

जखम बांधणे ही घटकाभराची गोष्ट; जखमी माणूस जगविणे ही महिन्याची. पहिल्या कामाला लोहारासुताराप्रमाणे वेतन होते. दुसऱ्याला वेतनच नव्हते, कारण ते काम आहे असेच कोणाला वाटत नव्हते.

पुन्हा पानिपताकडे. इब्राहीमखानाने आपला शब्द खरा केला. नऊ पलटणींपैकी दोन त्याने बगलेच्या बचावाला ठेवल्या आणि सात घेऊन रोहिल्यांवर चालून गेला. काशीराज लिहितो की त्याने निशाण स्वतःच्या हाती घेतले, गोळीबार थांबविला आणि संगिनी रोखून हल्ला केला. रोहिल्यांचे आठ हजारांच्या आसपास लोक मेले वा घायाळ झाले. त्याच्या स्वतःच्या सहा पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या, खुद्द त्याला भाल्याच्या आणि गोळीच्या जखमा झाल्या. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर सुटला. पगार न मिळालेले लोक आपल्या जागेवर मरून पडले होते.

इब्राहीमखान जखमी अवस्थेत सापडला. शुजाउद्दौल्याने त्याला काही काळ लपवून ठेवले. पण बातमी फुटली आणि अब्दालीने त्याला मागून घेतले. वजिराच्या हवाली झाल्यावर सातव्या दिवशी तो मेला. त्याच्या जखमांवर औषधाच्या जागी विष लावण्यात आले, असे काशीराज म्हणतो. पगाराचा पै पै हिशेब मागणारा हा माणूस शेवटी ज्या हातांवर अवलंबून राहिला ते हात कोणाचे होते आणि कोणाच्या हुकमात होते, हे इतिहासाने नोंदविले आहे. शुश्रूषा करणारा हात विश्वासाचा असावा लागतो, आणि विश्वास मोहिमेच्या शेवटच्या दिवशी विकत आणता येत नाही.

रणांगणावरच्या इतर जखमींची कथा थोडक्यातच सांगण्याजोगी आहे. पाण्यावाचून, थंडीने आणि दुसऱ्या दिवशीच्या कत्तलीत ते गेले. जे शुजाउद्दौल्याच्या गोटात पोहोचले ते सहासात हजार लोक त्याच्या आश्रयाने वाचले. जे दक्षिणेकडे पळत भरतपूरच्या मुलखात आले त्यांना सुरजमल जाटाने आणि राणी किशोरीने अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिले. थोरल्या बाजीरावांचे मस्तानीपासून झालेले पुत्र समशेरबहादूर असेच जखमी होऊन तिकडे आले. उपचार झाले, पण ते वाचले नाहीत. त्यांची कबर त्या मुलखात आहे. जाटांचे हे औदार्य मराठ्यांनी पुढे किती मनात ठेवले हा वेगळा, आणि फारसा अभिमानास्पद नसलेला, विषय आहे.

सर्वांत बोलकी हकीकत महादजी शिंद्यांची. एका अफगाण स्वाराने पाठलाग करून त्यांना गाठले, पायावर घाव घातला आणि अंगावरचे काढून घेऊन एका खड्ड्यात टाकून दिले. तिथे राणेखान नावाच्या भिस्त्याच्या दृष्टीस ते पडले. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. सभासदाच्या यादीतला तोच पखालजी, दर पंचवीस घोड्यांमागे एक. त्याने महादजींना उचलून आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. पखालीऐवजी जखमी सरदार घेऊन तो बैल किती कोस चालला असेल याची कल्पनाच करावी. महादजी जगले, पाय जन्माचा अधू राहिला.

आणि राणेखानाला काय मिळाले? महादजींनी त्याला भाऊ म्हटले, जहागीर दिली, सेनापतिपद दिले. १७८८ साली गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले तेव्हा दिल्ली सोडवायला जी फौज गेली तिचा एक प्रमुख हा राणेखानभाई होता. ही कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो आणि सांगावीच. परंतु तिच्यातला व्यवहार पाहिला तर काय दिसते? शुश्रूषेचे मोल इथे भरपूर दिले गेले. मात्र ते कृतज्ञतेचे होते, वेतनाचे नव्हते. ज्याने वाचविला तो माणूस महादजी होता म्हणून जहागीर मिळाली. त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या भिस्त्याने दुसऱ्या एखाद्या शिलेदाराला पाणी पाजले असेल, तर त्याला महिन्याचा रोजमुरादेखील मिळाला नसेल, कारण तो देणारेच उरले नव्हते. बक्षीस हे देणाऱ्याच्या ऐपतीवर असते, वेतन कामावर असते. गारद्याने वेतन मागितले म्हणून तो लोभी ठरला. भिस्त्याने काहीच मागितले नाही म्हणून तो थोर ठरला. हे दोन निवाडे एकाच मापाचे आहेत, आणि शुश्रूषेच्या वाट्याला पुढची दीड-दोनशे वर्षे जे आले ते याच मापाने.

महादजींनी मात्र स्वतःच्या लष्करात वेगळा रस्ता धरला. १७८४ साली त्यांनी द बॉय या सॅव्हॉयच्या सेनानीला पदरी घेतले आणि कवायती पलटणी उभारल्या. त्यांच्या पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला, त्यामुळे पगार नेमाने होऊ लागला. जखमी शिपायाला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीनचार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम, बरा होईपर्यंत चालू वेतन आणि जन्माचा अपंग झाल्यास निमा पगार व जमीन, असे नियम झाले. जखमींना रणांगणावरून उचलून आणण्यासाठी स्वतंत्र पथकही होते. इब्राहीमखानाची मागणी आणि राणेखानाचा बैल, या दोहोंची दखल घेणारी मराठी लष्करातील ही पहिली व्यवस्था. तिचा उपयोग मराठ्यांना फार दिवस झाला नाही. १७९४ साली महादजी वारले, पुढे नऊ वर्षांत ते लष्करच राहिले नाही.

त्यानंतर शुश्रूषा हे काम आपल्याकडे परत आले ते इंग्रजी रुग्णालयांच्या वाटेने. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय निघाले. १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही परिचर्येचे शिक्षण घ्यावयास आलेली पहिली हिंदी स्त्री, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात आढळते. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी देवधरांच्या साहाय्याने सेवासदन उभे केले आणि तिथल्या मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, विटाळ मानावयाचा नाही, रात्री घराबाहेर राहावयाचे. त्या काळच्या ब्राह्मण घराण्यांतील विधवेने हे पत्करणे म्हणजे केवढे धाडस! रमाबाईंनी त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती सेवा या शब्दाने. तो शब्द नसता तर मुली आल्याच नसत्या, हे खरे. पण त्याच शब्दाने एक अडचणही करून ठेवली. लोहाराला कोणी सेवक म्हणत नाही, म्हणून त्याच्या मजुरीची घासाघीस उघडपणे होते. जिला सेविका म्हटले तिने पगाराचे नाव काढले की ऐकणाऱ्याला काहीतरी विपरीत घडल्यासारखे वाटते. ही अडचण एकट्या महाराष्ट्राची नव्हे. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव जगभर झाले तेव्हापासून हातात दिवा घेतलेली देवता सर्वांना ठाऊक झाली, आणि देवतेला कोणी पगार विचारीत नाही.

परिणाम काय झाला ते १९४६ साली भोर समितीने आकड्यांत दाखविले. सगळ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका; म्हणजे दर ४३,००० माणसांमागे एक. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद ठेवणाऱ्या पागेशी या प्रमाणाची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. वेतन अपुरे आणि राहण्याची सोय वाईट, हे माणसे न मिळण्याचे एक कारण असल्याचेही त्या समितीने लपविले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पगाराच्या तक्त्यात शुश्रूषेची जागा हळूहळू वर सरकली. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगाच्या श्रेणीत परिचारिकेला ४२५ ते ६४० रुपये आणि कुशल कारागिराला २६० ते ४०० रुपये होते. सातव्या आयोगाप्रमाणे २०१६ पासून केंद्र सरकारच्या परिचारिकेचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, तर रेल्वेच्या कारखान्यातील तिसऱ्या श्रेणीच्या तंत्रज्ञाचे १९,९०० रुपयांपासून. तीनचार वर्षांचे शिक्षण, रात्रपाळी आणि चुकीची किंमत जिवाने मोजण्याची जबाबदारी पाहता हे अंतर अवाजवी म्हणता येणार नाही. अमात्यांनी एका पंक्तीत बसविलेल्या दोघांपैकी एकाला सरकारने वरचे पान मांडले.

पण हा तक्ता सरकारी रुग्णालयाच्या दारापर्यंतच लागू. खाजगी रुग्णालयांत पगार इतके खाली होते की परिचारिकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. समितीने शिफारस केली ती अशी: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात तो दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावा, आणि पन्नासपेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. हा शेवटचा आकडा आणि रेल्वेच्या तंत्रज्ञाचा मूळ पगार शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही एकाच वर्षाचे आहेत, आणि तंत्रज्ञाला महागाई भत्ता व घरभाडे वेगळे मिळते. सरकारी दाराच्या आत कारागिराच्या दुप्पट ठरलेले काम दाराबाहेर कारागिराच्या बरोबरीला यावे, यासाठीही शिफारस लागली.

आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने शिफारशी राज्यांकडे गेल्या. केरळात परिचारिकांनी संप केले, मोर्चे काढले, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने किमान २०,००० रुपयांची अधिसूचना काढली. त्या आंदोलनाच्या काळात, रुग्णाला सोडून पगारासाठी रस्त्यावर येणे शोभते काय, हा प्रश्न त्यांना पुनःपुन्हा विचारला गेला. इब्राहीमखानाने उत्तर देताना आधी पगाराचा विषय काढला होता आणि मग निशाण हाती घेतले होते.